क्यूसी पास दही

उन्हाळा लागला की चिकलठाणा रोज पेपरात येतं. ‘शहराचा पारा ४२ अंशांवर’ असा ठळक मथळा असतो आणि बातमीच्या पोटात कुठेतरी ‘चिकलठाणा वेधशाळेत ही नोंद झाली’ असं बारीक टायपात. ऊन आमचं, मोजमाप आमच्याकडचं, घाम आम्हाला, आणि मथळ्यात नाव शहराचं. विमानतळाचंही तेच. विमान उतरतं चिकलठाण्यात, पण हवाईसुंदरीच्या तोंडून आजवर ‘चिकलठाण्यात आपलं स्वागत आहे’ असं कुणी ऐकलेलं नाही. आम्ही याचं वाईट वाटून घेणं केव्हाच सोडलंय. मात्र एक गोष्ट पेपरवाल्यांच्या ध्यानात कशी आली नाही, याचं मला नवल वाटतं. ४२ अंश हे दही लागायला अगदी नेमकं तापमान आहे. दह्यातले दोन मुख्य जीवाणू, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, यांना ४० ते ४५ अंश फार मानवतात. मे महिन्यात भर दुपारी विरजण लावलेलं पातेलं आमच्या गच्चीवरच्या खोलीत नुसतं ठेवून द्यावं, चहाच्या वेळेला दही तयार. परदेशात लोक यासाठी विजेचं यंत्र विकत घेतात म्हणे. आम्ही त्या यंत्रातच फ्लॅट घेतलाय.

ही माहिती माझी नव्हे, आमच्या ह्यांची. हे इथल्याच एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात क्यूसीला होते. कारखान्याचं नाव सांगत नाही. इंजेक्शनच्या बाटलीत एकही जीवाणू जिवंत राहिलेला नाही, याची खात्री करण्याचा ह्यांनी आयुष्यभर पगार घेतला. आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जीवाणू पाळायला घेतले. मानसशास्त्रात याला काहीतरी नाव असणार.

दही लावणं हे काम आमच्या घरात तोवर कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. रात्री दुधात करंगळी बुडवायची, चटका न बसता ऊब लागली की चमचाभर विरजण पातेल्याला आतून फासायचं, वरून दूध ओतायचं, झाकण ठेवायचं आणि झोपायचं. हिवाळ्यात विरजण जरा सढळ हाताने घालायचं आणि पातेलं ज्वारीच्या कोठीत पुरायचं. ह्यांनी हे ऐकलं आणि विचारलं, “याचं एसओपी कुठेय?” मी म्हटलं, “करंगळी.” त्या दिवशी घरात थर्मामीटर आला. त्याचं माप ४३ आणि माझ्या करंगळीचं माप बरोबर जुळलं, तेव्हा ह्यांनी वहीत लिहिलं, ‘करंगळी कॅलिब्रेटेड आहे.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याबद्दल इतकं चांगलं ह्यांनी लेखी कधी दिलं नव्हतं.

मग लेबलं आली. प्रत्येक डब्यावर बॅच नंबर, दुधाची जात, उकळल्याची वेळ, विरजणाचा स्रोत. खाली तीन सह्या: केलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर कुणी. तिन्ही ठिकाणी ह्यांचीच सही बघून मी म्हटलं, “करणारा आणि तपासणारा एकच? ऑडिटवाले सोडतील का?” तेव्हापासून ‘तपासलं’च्या रकान्यात मला सही करावी लागते. शिवाय प्रत्येक बॅचमधलं वाटीभर दही नमुना म्हणून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात राखून ठेवलेलं असतं. पुढेमागे तक्रार आली तर पुरावा हवा. दही खाणार आम्ही दोघं, तक्रार करणार मी, आणि तक्रार काय, तर फ्रीजमध्ये जागा नाही.

इथवर ठीक होतं. पण एका रात्री ह्यांना असा शोध लागला की आपलं घरचं दही हे ‘प्रोबायोटिक’ म्हणवून घ्यायला पात्रच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली याची व्याख्या ठरवलेली आहे. जीवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत, आणि त्यांचा यजमानाला काहीतरी फायदा व्हायला हवा. आपल्याकडे आयसीएमआरने २०११ मध्ये नियम काढले, त्यात तर जीवाणूचं घराणं, जात, उपजात, वाण, सगळं कळलं पाहिजे असं आहे. मी म्हटलं, जिवंत आहे, संख्येने पुरेसं आहे आणि यजमानाला फायदा आहे, या अटी लावल्या तर तुमच्याकडचे निम्मे पाहुणे बाद होतील. ह्यांनी ते मनावर घेतलं नाही. ह्यांचं सगळं लक्ष विरजणाच्या खानदानावर होतं.

आमचं विरजण गल्लीच्या टोकाच्या आजींकडचं. आजी अस्सल चिकलठाण्याच्या, गावठाणातल्या. त्यांच्या रानावर आता एक शेड उभी आहे. अख्ख्या गल्लीचं विरजण मोडलं की त्यांच्याकडूनच येतं. हे वही घेऊन चौकशीला गेले. “आजी, हे विरजण मूळ कुठलं?”

“सासूचं.”

“आणि सासूबाईंनी कुठून आणलं?”

“त्यांच्या सासूकून.” आजींनी ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काहून? परत द्यायचंय का?”

म्हणून वहीत त्या विरजणापुढे ‘अज्ञात’ असा शेरा पडला. खरं तर अज्ञात असणं हाच घरच्या विरजणाचा स्वभाव. त्यात ते वर सांगितलेले दोघे असतील, नसतील. आपल्या खोलीतल्या हवेला सरावलेले लॅक्टोकॉकस असतील, यीस्टही असेल. म्हणून तर एका घरचं दही गोडसर, दुसऱ्या घरचं आंबट आणि तिसऱ्या घरचं तार सुटणारं. क्यूसीच्या माणसाला हे म्हणजे डोळ्यांदेखत अनागोंदी. त्यांनी मेडिकलमधून प्रोबायोटिक कॅप्सूल आणल्या आणि फोडून दुधात टाकल्या. सकाळी बघतात तर दूध जसंच्या तसं, फक्त कोमट. मग वाचल्यावर कळलं की त्या कॅप्सूलमधल्या जीवाणूला, म्हणजे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या नामांकित वाणाला, दुधातली साखर पचवताच येत नाही. पोटासाठी उत्तम, डॉक्टरही देतात, पण एकट्याला दुधात सोडला तर बसून राहतो. माहेरच्या एका जावयाची मला आठवण झाली. नाव घेत नाही.

पुढे कुठूनसं ३६ तासांचं दही आलं. रॉयटरी नावाचा एक जीवाणू आहे, तो आरामात वाढतो, त्याला ३७-३८ अंशांवर दीड दिवस सांभाळायचं. ह्यांनी खोक्यात ४० वॉटचा दिवा लावून पाळणाघर केलं. चिकलठाण्यात लाईट दीड दिवस सलग राहणं याला नशीब लागतं. लाईट गेली की हे आपला स्वेटर काढून खोक्याला घालायचे. आमच्या मुलाला हिवाळ्यात शाळेत पाठवताना ह्यांनी कधी स्वेटरचं बटण लावल्याचं मला स्मरत नाही.

आणि या ३६ तासांच्या दह्याबरोबर ती पावडर आली.

पांढरी, मऊ, किंचित गोडसर. पाकिटावर ‘इन्युलिन, प्रीबायोटिक फायबर’. चिकोरीच्या मुळापासून काढलेली. चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती. आपल्या शेजारी गुजरातेत पिकते, पण हे पाकीट आलेलं बेल्जियमहून. किंमत मी सांगत नाही, वैजापूरचा कांदेवाला ऐकून रडेल. ‘प्रीबायोटिक’ हा शब्द गिब्सन आणि रोबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी १९९५ साली रूढ केला. प्रोबायोटिक म्हणजे जीवाणू, आणि प्रीबायोटिक म्हणजे त्यांचं जेवण. ह्यांनी लिटरमागे दोन चमचे पावडर घातली आणि पातेल्याकडे बघत म्हणाले, “आता खातील पोटभर.”

मी विचारलं, “इतके दिवस काय उपाशी होते?”

दुधात मुळातच शेकडा साडेचार-पाच भाग साखर असते. दही लागतं ते त्या साखरेवर. जीवाणू ती खातात, तिचं आम्ल करतात, आम्ल वाढलं की दुधातलं प्रथिन गोठतं, झालं दही. त्यांना बेल्जियमहून डबा मागवायची गरज काय? हे दोन दिवस गप्प होते आणि वाचत होते. तिसऱ्या दिवशी जरा पडेल आवाजात त्यांनीच सांगितलं की दह्यातली नेहमीची मंडळी या इन्युलिनला फारसं तोंडच लावत नाहीत. त्याची साखळी त्यांना तुटत नाही. आपल्याही जठराला तुटत नाही, लहान आतड्याला तुटत नाही. ते जसंच्या तसं थेट मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथे बायफिडोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू त्यावर ताव मारतात. थोडक्यात, ह्यांनी भरलेला डबा दह्याच्या हाती दिलेला, पण त्यावरचा पत्ता भलत्याच ऑफिसचा. दही फक्त डबेवाला.

तरी पावडर बंद झाली नाही, कारण दही खरंच सुरेख लागायला लागलं होतं. घट्ट, मऊसूत, पाणी न सुटणारं. इन्युलिन पाणी धरून ठेवतं, म्हणून बिनसायीच्या दह्यालाही अंग येतं. हे यश ह्यांनी संशोधनाच्या नावावर जमा केलं. त्याच आठवड्यात दूधवाल्याने गाय आटली म्हणून म्हशीचं दूध सुरू केलं होतं, ही नोंद वहीत ‘इतर निरीक्षणं’ या सदरात सापडेल.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या कानावर इन्युलिनचं नाव गेलं आणि ते स्टीलची वाटी घेऊन हजर झाले. त्यांना मधुमेह. रोज सकाळ-संध्याकाळ सुई. “वहिनी, दह्यात इन्सुलिन घालता म्हणे? मग मला टोचून घ्यायला नको.” त्यात काकांची चूक म्हणवत नाही. इन्सुलिन या शहराला घरचं आहे. वोक्हार्टने २००३ साली स्वतः विकसित केलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं, आणि त्यांचा बायोटेक पार्क इथे वाळूजला आहे. काकांना वाटलं, वाळूजहून चिकलठाण्याला यायला कितीसा वेळ लागतो! ह्यांनी त्यांना बसवून दोन्हींतला फरक समजावला: ते हार्मोन, हा तंतू, ते सुईतून, हा तोंडातून, आणि सुई बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, दह्याला विचारून नाही. काका हिरमुसले. पण वाटी भरून घेऊनच गेले.

आजींना मात्र एका वाक्यात सगळं कळलं. त्यांनी पावडर चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, “दुधात पानी घालनारे गवळी पाह्यले. दह्यात भुसा घालनारे तुम्ही पहिलेच.”

मध्यंतरी ह्यांच्या वाचनात आलं की इन्युलिन डेलियाच्या कंदातही भरपूर असतं. बी विंगच्या जोशीबाईंच्या बाल्कनीत डेलियाच्या कुंड्या आहेत. हे संध्याकाळी खाली उभं राहून त्या कुंड्यांकडे बघत असतात असं जेव्हा मला वॉचमनने येऊन सांगितलं, तेव्हा मला खरं कारण सांगावं की नाही हेच कळेना.

या विषयावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. कुणीतरी लिहिलं, ‘हे सगळं आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं.’ खाली जोडलेले पंचवीस हात. मला हे वाक्य दिसलं की पूर्वजांची दया येते. कांद्यात इन्युलिन असतं, लसणात तर चिक्कार, गव्हात थोडं, हे खरं. दही आणि धपाटे, वर लसणाची चटणी आणि हाताने फोडलेला कांदा, यात प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक एका ताटात आले हेही खरं. पण माझ्या आजीने कांदा फोडला तो घरात भाजी नव्हती म्हणून. मोठ्या आतड्यातल्या कुणाची काळजी करण्याइतकी तिला सवड कुठे होती?

माझं माहेर लातूरकडचं. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते, वेळ अमावास्या. त्या दिवशी लातूर जिल्ह्याला सुट्टी असते आणि लातूर शहरात संचारबंदी लागल्यागत शुकशुकाट, कारण यच्चयावत माणूस कुणाच्या ना कुणाच्या शेतात. कडब्याची कोपी करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि आंबट ताक. आमच्या घरी आई पीठ आदल्या दिवशी शिजवून पूर्ण निवू द्यायची, मग त्यात ताक कालवायची, वर लसूण, जिरं, हिरवी मिरची वाटून. मातीच्या बिंदगीत भरून, तोंडाला फडकं बांधून, ती काखेला लावून शेतात न्यायची. दुपारपर्यंत तिला असा काही आंबूसपणा चढायचा की एक पेला रिचवला की माणूस कोपीतच आडवा.

हे मी ह्यांना सांगितलं आणि ह्यांचे डोळे चमकले. शिजवून थंड केलेल्या पिठातला काही स्टार्च असा घट्ट होतो की तो पचत नाही, तोही सरळ मोठ्या आतड्यात जातो. लसणातला फायबर तिथेच. ताकातले जीवाणू जिवंत, कारण ताक मागाहून पडलं. काही घरी ताक घालून मग उकळतात, तिथे जीवाणूंचा निकाल लागतो, चव राहते. “तुझ्या आईची पद्धत शास्त्रशुद्ध होती!” हे म्हणाले. सासूबद्दल ह्यांनी काढलेले हे पहिले गौरवोद्गार ऐकायला आई हवी होती. पण तिची पद्धत तशी होती ती चूल एकच होती म्हणून. आदल्या रात्री आंबील उरकली नाही तर सकाळी भज्जीचं पातेलं चढणार कुठे? ह्यांनी लगेच फोनवर माझ्या वहिनीकडून कृती मागवली. ‘मीठ अंदाजे’ यावर त्यांची दहा मिनिटं हुज्जत चालली. अंदाजे म्हणजे किती ग्रॅम? वहिनी म्हणाली, “दाजी, खारट होईल त्याच्या जरा आधी थांबायचं.”

एवढ्या सगळ्या खटाटोपाचं मूळ शोधत गेलं की एक रशियन गृहस्थ सापडतात, एली मेचनिकॉफ. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात आणि खूप जगतात, असं त्यांनी मांडलं. त्या दुधातला जीवाणू स्टामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन तरुणाने १९०५ च्या सुमारास जिनिव्हात शोधून काढला होता. मेचनिकॉफना १९०८ मध्ये नोबेल मिळालं, ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण लोकांनी लक्षात ठेवलं दही. ते स्वतः नेमाने आंबट दूध घेत आणि ७१ व्या वर्षी गेले. गल्लीतल्या आजी आता नव्वदीच्या घरात असाव्यात. त्यांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “पोरगंच होतं की.”

आता सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेबद्दल सांगायला हवं, कारण त्याबद्दल वेगवेगळ्या हकिगती फिरतायत.

सभा सप्टेंबरात. नियमाप्रमाणे आधी दुपारी एकला पार्किंगमध्ये सामुदायिक जेवण आणि चारला सभा. जेवणातला मठ्ठा ह्यांनी अंगावर घेतला. कोथिंबीर, आलं, जिऱ्याची पूड आणि इन्युलिन. ह्यांच्या वहीत हिशेब चोख होता: पेल्यामागे एक सपाट चमचा. नवख्या माणसाने एवढ्यावरच थांबावं, कारण मोठ्या आतड्यातली मंडळी या अन्नाला सरावलेली नसतात, ती एकदम जोमाने आंबवायला घेतात आणि त्यातून वायू निघतो. हिशेबात एवढंच नव्हतं की मठ्ठा अप्रतिम झाला होता आणि ऊन पडलं होतं. लोकांनी चार-चार पेले प्यायले. सी विंगचे साहेब, ज्यांचं पार्किंगबद्दलचं भाषण दरवर्षी तासभर चालतं, त्यांनी तर जगच जवळ ओढून घेतला.

अन्न मोठ्या आतड्याशी पोचायला तीन-चार तास घेतं. सभा चारला सुरू झाली.

अध्यक्षांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. दुसऱ्या परिच्छेदापाशी ते थांबले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, “वाचलं असं समजूया का?” सगळे एका सुरात “समजूया” म्हणाले. प्लास्टिकच्या खुर्च्या कुरकुरायला लागल्या. कुणी एका बाजूला कलून बसलं, कुणी दुसऱ्या. जोशीबाई मघापासून फोन आल्यासारखं करून गेटपर्यंत जात होत्या आणि जरा थांबून परत येत होत्या. टाकीच्या गळतीचा ठराव, जो आजवर तीन अध्यक्षांना भोवला होता, तो वाचायच्या आतच मंजूर झाला. पार्किंगच्या विषयाला सी विंगचे साहेब उठले. सगळ्यांनी श्वास रोखला, काहींनी अन्य कारणांसाठी. साहेब म्हणाले, “अध्यक्ष महाराज, माझा मुद्दा असा आहे की,” आणि खाली बसले. मग पुन्हा उठले आणि मुद्दा न सांगता लिफ्टकडे गेले. लिफ्टमध्ये आधीच ए विंगचे दोघे होते. ते तिघेही पहिल्या मजल्यावरच उतरले आणि पुढे जिन्याने गेले.

सभा पंचवीस मिनिटांत आटोपली. दरवर्षी रात्री दहा वाजतात.

ह्यांनी त्या रात्री रीतसर अहवाल लिहिला. निष्कर्ष: ‘मात्रा प्रमाणात होती, सेवन प्रमाणाबाहेर.’ प्रतिबंधक उपाय: ‘लहान पेले.’ ‘तपासलं’च्या रकान्यात मी सही केली. मला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं याची काळजी. सकाळीच बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात इतिवृत्ताची वही. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी पदर सावरला.

ते आत आले, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “काकू, डिसेंबरात विशेष सभा लावतोय. मेंटेनन्स वाढवायचाय. काकांना विचारा ना, पेल्याला दोन चमचे चालतील का?”